गाडी नवी, चेन म्हातारी

शोरूममधून गाडी काढून दोन वर्षंही होत नाहीत आणि गॅरेजवाला दादा सांगतो, ‘चेन सेट गेला.’ समुद्राच्या कडेला गाडी लावणाऱ्यांच्या वाट्याला हे वाक्य जरा लवकरच येतं. असं का होतं आणि महिन्यातली पंधरा मिनिटं खर्च करून ते कसं टाळता येतं?

आज घरी गेलात की एक काम करा. गाडी मेन स्टँडवर घ्या. इंजिन बंद, चावी खिशात. आता मागच्या चाकाच्या दात्यांच्या चकतीकडे, म्हणजे मागच्या स्प्रॉकेटकडे बघा. चेन जिथे स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला वळसा घालते, तिथली एक कडी चिमटीत धरा आणि सरळ मागे ओढा. चेन जागची हलली नाही तर छान. पण ती दात्यावरून उचलली गेली आणि खाली अर्धा दाता उघडा पडला, तर तुमच्या चेनचं वय झालंय. मीटरवर किती किलोमीटर दिसतात, गाडी कोणत्या साली घेतली, याच्याशी तिला काही देणंघेणं नाही.

स्कूटरवाल्यांना आज सुट्टी. तुमच्या गाडीत चेनऐवजी बेल्ट असतो आणि तो डब्यात बंद असतो. स्प्लेंडर, प्लॅटिना, शाइनवाल्यांची चेन पूर्ण कव्हरच्या आत असते, त्यामुळे ही टेस्ट कव्हर काढल्याशिवाय जमणार नाही. पण म्हणून निर्धास्त राहू नका. न दिसणाऱ्या गोष्टीकडेच आपण सगळ्यात जास्त दुर्लक्ष करतो. आणि पल्सर, अपाची, ड्यूकवाल्यांनो, तुमची चेन तर उघड्यावरच धावते. आजचा लेख सगळ्यात जास्त तुमच्यासाठी आहे.

मच्छीमार नगरचा हिशेब वेगळा

कफ परेडचं मच्छीमार नगर तुम्ही बघितलंय का? एका बाजूला बधवार पार्क, मागे उंच टॉवर आणि समोर बॅकबेचं पाणी. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी रबरी होडीतून याच किनाऱ्यावर उतरले होते. मुंबईतल्या अनेकांनी हे नाव तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. पण इथली रोजची ओळख म्हणजे होड्या, जाळी, बर्फ आणि मासळी. आणि वस्तीत शिरणाऱ्या वाटेवर एकाला एक चिकटून उभ्या असलेल्या बाईक्स.

इथे बाईक ही नुसती हौस नसते. पहाटे ससून डॉक गाठायचा असतो. १८७५ साली सुरू झालेली ही गोदी इथून जेमतेम दोनेक किलोमीटरवर आहे. मागच्या सीटवर मासळीचा खोका बांधलेला असतो. त्यातला बर्फ वितळतो आणि खारट पाणी थेंबाथेंबानं खाली गळत राहतं. खाली काय असतं? चाक, स्प्रॉकेट आणि चेन. दुपारी तीच गाडी घेऊन घरातलं कुणी कॉलेजला जातं, कुणी पार्सल पोचवायला जातं. संध्याकाळी गाडी परत येऊन उभी राहते ती समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याच्या तोंडी.

म्हणजे बघा, चेनला जे जे सोसत नाही ते सगळं इथे एकाच पत्त्यावर मिळतं. पण ‘आपण काही कफ परेडला राहत नाही’ असं म्हणून पान उलटू नका. विल्सन कॉलेज गिरगाव चौपाटीसमोर आहे. दादरचं कीर्ती कॉलेज समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. वरळी, माहीम, खारदांडा, वर्सोवा हे सगळे कोळीवाडे किनाऱ्यावरच आहेत. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर मित्रांबरोबर दोन तास बसलात, तर तेवढा वेळ तुमची गाडीही तोच वारा खात उभी असते.

मीठ नक्की करतं काय?

समुद्राच्या लाटा फुटतात तेव्हा त्यातले बारीक खारट तुषार हवेत उडतात. वारा ते जमिनीकडे आणतो. सगळ्यात जास्त मीठ किनाऱ्यालगतच्या पहिल्या काहीशे मीटरमध्ये पडतं. आत जावं तसं त्याचं प्रमाण झपाट्यानं कमी होतं. म्हणून एकाच मॉडेलच्या, एकाच दिवशी घेतलेल्या दोन गाड्यांपैकी लालबागच्या गल्लीतली आणि कफ परेडच्या किनाऱ्यावरची, या दोघींच्या चेन दोन वर्षांनी सारख्या दिसत नाहीत.

आता शाळेतलं थोडं केमिस्ट्री आठवा. मीठ हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळ्यात घरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तेच चेनवर घडतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतल्या बाष्पातच विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते तर याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओल धरतात. म्हणजे पाऊस नसतानासुद्धा, गाडी नुसती उभी असतानासुद्धा, चेनवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार होतो. रात्री तो ओला होतो, दुपारच्या उन्हात सुकतो, रात्री पुन्हा ओला. लोखंडाला सारखं पाण्यात ठेवण्यापेक्षा हा ओलं-सुकं खेळ जास्त बाधतो. सुकताना मिठाचं द्रावण दाट होतं आणि हवेतला ऑक्सिजनही सहज मिळत राहतो. त्यातलं क्लोराइड लोखंडावरचा संरक्षक थर टिकूच देत नाही.

वरवरचा गंज दिसायला वाईट असतो, पण तो खरा दुश्मन नाही. खरा खेळ आत चालतो. चेनची एक कडी म्हणजे बाहेरच्या दोन पट्ट्या, आतल्या दोन पट्ट्या, त्यांना जोडणारी पीन, पिनेभोवती बारीक नळीसारखा बुश आणि बुशभोवती फिरणारा रोलर. चेन स्प्रॉकेटवर वळते तेव्हा पीन बुशच्या आत किंचित फिरते. तिथे तेलाचा थर हवा. तो सुकला आणि तिथे खारं पाणी शिरलं की पीन आणि बुश एकमेकांना खायला लागतात. त्यातून निघणारी लालसर पूड म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड. सोनार दागिन्यांना चकाकी आणायला जी लाल पावडर वापरतात, तीही लोखंडाचा ऑक्साइडच. म्हणजे तुमची चेन स्वतःच्याच गंजाचं पॉलिश लावून स्वतःला घासत बसते. कड्यांच्या सांध्यांवर लाल-तपकिरी पूड दिसली तर समजा, आतलं तेल संपलंय.

काही चेनवर सोनेरी किंवा निकेलचा मुलामा असतो. त्यानं बाहेरून गंज कमी धरतो, हे खरं. पण आतली पीन आणि बुश यांची झीज त्या मुलाम्यानं थांबत नाही. चमक बघून फसू नका.

चेन ताणली जात नाही, झिजते

‘चेन लूज झाली’, ‘चेन वाढली’ असं आपण म्हणतो. रबर ताणलं जावं तसं लोखंड ताणलं गेलं, असं वाटतं. तसं होत नाही. होतं ते असं : प्रत्येक सांध्यात पीन आणि बुश थोडे थोडे झिजतात, त्यामुळे प्रत्येक कडी केसभर लांबते आणि सगळ्या कड्यांची बेरीज होऊन चेन मोठी होते.

आकड्यात बघू. १०० ते १५० सीसीच्या बहुतेक गाड्यांना ‘४२८’ नंबरची चेन असते. तिच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी. चेन दोन टक्के लांबली की ती बदलावी, असा साधारण नियम आहे. १२.७ चे दोन टक्के म्हणजे पाव मिलीमीटर. दोन-तीन केसांच्या जाडीएवढी ही झीज. पण चेनमध्ये समजा १०६ कड्या आहेत, तर सगळी मिळून चेन २७ मिमी लांबते, म्हणजे चक्क दोन कड्यांहून जास्त.

हे मोजायला यंत्र लागत नाही, कंपासपेटीतली पट्टी चालते. चेन खालून ताणून धरा, २० कड्या मोजा. पहिल्या पिनेच्या मध्यापासून विसाव्या कडीच्या शेवटच्या पिनेच्या मध्यापर्यंतचं अंतर नव्या चेनमध्ये २५४ मिमी असतं. ते २५९ च्या पुढे गेलं की चेन बदलायची वेळ आली. ‘५२०’ नंबरच्या चेनमध्ये दोन पिनांमधलं अंतर जास्त असतं, तिथे २० कड्यांचं नवं माप ३१७.५ मिमी. तुमच्या गाडीची नेमकी मर्यादा मॅन्युअलमध्ये बघा. दोन-तीन वेगळ्या ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही.

पाव मिलीमीटर झिजायला कितीसा वेळ लागणार? पुन्हा हिशेब करू. समजा मागच्या स्प्रॉकेटला ४२ दाते आहेत आणि चाकाचा एक फेरा म्हणजे सुमारे १.९ मीटर. मग एका किलोमीटरमध्ये चेन दोनशेच्या वर फेऱ्या मारते. एका फेरीत प्रत्येक सांधा चार वेळा हलतो : पुढच्या स्प्रॉकेटवर चढताना, उतरताना, मागच्यावर चढताना, उतरताना. म्हणजे एका किलोमीटरला आठशेहून जास्त वेळा. कॉलेजला जाऊन-येऊन २० किलोमीटर होत असतील तर रोज सोळा हजार वेळा! कोरड्या, गंजक्या सांध्याला एवढं काम सांगितल्यावर तो वर्षभरात कंटाळला तर नवल नाही.

गंमत म्हणजे ही चेन जन्मालाच आली ती झिजेवर उपाय म्हणून. हान्स रेनॉल्ड नावाचा स्विस माणूस इंग्लंडमध्ये मँचेस्टरला आला. १८७९ मध्ये त्यानं शेजारच्या सॅलफर्डमधला कापड गिरण्यांच्या यंत्रांसाठी चेन बनवणारा छोटा कारखाना विकत घेतला. त्या काळच्या चेनमध्ये पिनेचा सगळा भार पातळ पट्टीच्या कडेवर यायचा, त्यामुळे ती भराभर झिजायची. रेनॉल्डनं मध्ये बुश घातला, भार जास्त जागेवर पसरला. १८८० मध्ये त्यानं त्याचं पेटंट घेतलं. गिरणगावात वाढलेल्या वाचकांना मँचेस्टरचं नाव नवं नाही. पण तिथल्या गिरण्यांसाठी झालेला हा शोध आज आपल्या बाईकला फिरवतोय, हे बहुतेकांच्या गावी नसतं.

चेन अकाली मरते ती का?

फक्त समुद्राला दोष देऊन चालणार नाही. चेनची आठवण आपल्याला क्वचितच होते, आणि होते तेव्हाही आपण बरेचदा तिचं नुकसानच करतो.

एक, जुनं काळं ऑइल. सर्व्हिसिंगला काढलेलं इंजिन ऑइल चेनवर ओतायची पद्धत अजून दिसते. त्यात धातूचे बारीक कण आणि काजळी असते. ते वंगण म्हणून घालताय, पण सोबत घासणारी पूडही घालताय.

दोन, जाड ग्रीस. ग्रीस बाहेरून थापलं की चेन चकाचक दिसते. पण ते पीन आणि बुशच्या फटीत शिरत नाही. वर मात्र चौपाटीची वाळू आणि बांधकामांची धूळ चिकटवून ठेवतं.

तीन, डब्ल्यूडी-४०. हा स्प्रे सगळ्यांच्या लाडाचा. त्याच्या नावातल्या अक्षरांचा अर्थच ‘पाणी हटवणारा’ असा आहे आणि ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेला फॉर्म्युला. १९५३ मध्ये अमेरिकेत तो बनला आणि पुढे अ‍ॅटलस क्षेपणास्त्राचं बाहेरचं आवरण गंजू नये म्हणून वापरला गेला. पावसात भिजलेल्या चेनमधलं पाणी काढायला तो उत्तमच. पण त्याचा थर पातळ असतो, लवकर उडून जातो. त्यानंतर तेल लावलं नाही तर चेन कोरडीच राहते.

चार, अति घट्ट चेन. ही चूक सगळ्यात महागात पडते. ‘झोळ नको, एकदम टाइट कर’ असं आपणच सांगतो. पण गाडीवर माणूस बसला की मागचे शॉकअप दबतात, चाक वर सरकतं आणि चेन आणखी ताणली जाते. स्टँडवर जेमतेम ठीक वाटणारी चेन, मागे मित्र बसला किंवा मासळीचा खोका चढला की तारेसारखी होते. मग चेनबरोबर चाकाचे आणि गिअरबॉक्सचे बेअरिंगही त्या ताणात येतात. बहुतेक गाड्यांना चेनच्या खालच्या बाजूला मध्यावर साधारण २० ते ३० किंवा २५ ते ३५ मिमीचा झोळ सांगितलेला असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो, काही गाड्यांना तर मागच्या फोर्कवर स्टिकरच असतो. पूर्ण कव्हरच्या गाड्यांना हे तपासण्यासाठी खालच्या बाजूला रबरी बूच दिलेलं असतं. ते कशासाठी आहे, हे आता कळलं असेल.

पाच, नवी चेन जुन्या स्प्रॉकेटवर. पैसे वाचवायला फक्त चेन बदलली जाते. झिजलेल्या स्प्रॉकेटचे दाते एका बाजूला वाकून टोकदार होतात. मच्छीमार नगरातल्या कुणालाही दाखवा, मुशीच्या पाठीवरचा पर कसा दिसतो ते आठवेल. त्या वाकड्या दात्यांवर नवी चेन बसवली की ती काही महिन्यांत जुन्या चेनसारखी होते. म्हणून पुढचा स्प्रॉकेट, मागचा स्प्रॉकेट आणि चेन असा पूर्ण सेट एकदम बदलायचा.

सहा, आपलं ट्रॅफिक. कोस्टल रोड, सी लिंक, ईस्टर्न फ्रीवे, जे. जे. फ्लायओव्हर, सगळीकडे दुचाकीला बंदी. म्हणजे आपल्या वाट्याला खालचा रस्ता आणि दर दोनशे मीटरला सिग्नल. प्रत्येक वेळी क्लच झटक्यात सोडला की तो झटका आधी चेन खाते. क्लच हळू सोडा. हे फुकटातलं मेंटेनन्स आहे.

तुटली तर?

चेनचा खर्च हा एक भाग झाला. बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत चेनची झीज धरत नाहीत, त्यामुळे सेटचे पैसे खिशातूनच जातात. पार्टटाइम डिलिव्हरी करून फी भरणाऱ्या मुलासाठी तो अख्ख्या आठवड्याच्या कमाईला धक्का असतो, वर गाडी उभी राहिली तो दिवस बुडतो तो वेगळाच. पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट आहे जिवाची.

खूप ढिली चेन चालत्या गाडीत स्प्रॉकेटवरून उतरू शकते. चेन तुटली तर नशीब बरं असेल तर मागे रस्त्यावर पडते. नशीब वाईट असेल तर पुढच्या स्प्रॉकेटमध्ये गुंडाळली जाते, इंजिनाचं कव्हर फोडते किंवा मागचं चाक जागच्या जागी जाम करते. पेडर रोडच्या उतारावर, मागे बेस्टची बस असताना हे झालं तर काय, याची कल्पना करून बघा. त्यामुळे गाडी सोडताना किंवा घेताना खटखट आवाज येतोय, चेन कव्हरला घासतेय, एखाद-दुसरी कडी वाकलेलीच राहतेय, अशी लक्षणं दिसली तर ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणू नका.

दुसरा धोका चेन साफ करताना असतो. गाडी मेन स्टँडवर, पहिला गिअर टाकलेला, चाक आपोआप फिरतंय आणि हातात फडकं. झटपट काम होतं म्हणून अनेकजण असंच करतात. फडकं चेनमध्ये ओढलं जातं आणि त्यामागून बोट. स्प्रॉकेट आणि चेनच्या मध्ये सापडलेलं बोट वाचत नाही. चाक नेहमी हातानंच फिरवायचं. म्हणूनच सुरुवातीला लिहिलं : इंजिन बंद, चावी खिशात.

आणि मागे बसणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. ओढणी, साडीचा पदर चाकात आणि चेनमध्ये जाऊ नये म्हणून मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकलेला हवा, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे. ‘लुक’ खराब होतो म्हणून साडी गार्ड काढून टाकणाऱ्यांनी मागे कोण बसतं, याचा विचार करावा.

पंधरा मिनिटांचं काम

आता उपाय. साधारण दर ५०० किलोमीटरला चेन साफ करून तेल द्यावं, असं सांगितलं जातं. समुद्राजवळ राहत असाल तर हे अंतर निम्म्यावर आणा. आणि गाडी पावसात चिंब भिजली किंवा अंगावर लाट आली, तर किलोमीटर न मोजता त्याच दिवशी. पावसाळ्यात भरती ४.५ मीटरच्या वर असते त्या दिवशी मरीन ड्राइव्हवर लाटा रस्त्यावर येतात. फोटो झकास येतात, पण गाडीची मिठाच्या पाण्यानं आंघोळ होते.

आधी मीठ काढा. तांब्या-दोन तांबे गोडं पाणी चेनवर हळूहळू सोडा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप थेट चेनवर नको, तो पाणी आत ढकलतो. मिठाला गोड्या पाण्यानं घालवायचं, हे कोळीवाड्यात नव्यानं सांगायला नको. समुद्रातून आणलेलं आउटबोर्ड मशीनही गोड्या पाण्यानंच धुऊन काढतात.

मग चेन पुसून ब्रशवर रॉकेल किंवा चेन क्लीनर घेऊन चारी बाजूंनी घासा. ब्रश नायलॉनचा, जुना दात घासायचाही चालेल. तारेचा ब्रश नको आणि पेट्रोल तर अजिबात नको. दीडशे सीसीच्या पुढच्या अनेक गाड्यांच्या चेनमध्ये कड्यांच्या मध्ये रबराच्या बारीक रिंगा असतात. त्या रिंगांमुळे आतलं ग्रीस आत आणि पाणी बाहेर राहतं. पेट्रोलनं त्या खराब होतात, तारेनं कापल्या जातात. एकदा रिंग गेली की आतलं ग्रीस पुन्हा भरता येत नाही. पेट्रोलनं आग लागायची भीती आहे ती वेगळीच. खाली पत्र्याचा डबा किंवा जुना ट्रे ठेवा. काळं पाणी गटारात सोडलं की ते जाणार समोरच्या समुद्रातच, जिथून कुणाच्या तरी घरची मासळी येते.

चेन पूर्ण सुकू द्या. त्यानंतर तेल : चेन लूबचा स्प्रे किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल. ते चेनच्या आतल्या बाजूला, पट्ट्यांच्या फटीत सोडा. चेन फिरताना तेल बाहेर फेकलं जातं, म्हणून आतून लावलं तर सांध्यातून बाहेर येतं, बाहेरून लावलं तर सरळ उडून जातं. चाक हातानं दोन-चार वेळा फिरवा, दहा मिनिटं थांबा, वरचं जास्तीचं तेल पुसून टाका. तेल सांध्यात हवं, पट्टीवर ओघळणारं तेल फक्त धूळ गोळा करतं. सगळ्यात बरं म्हणजे हे काम रात्री गाडी लावताना करावं. चेन गरम असते, तेल आत जातं आणि सकाळपर्यंत मुरतं. शिवाय रात्रीच्या ओल्या वाऱ्यापुढे चेन कोरडी राहत नाही.

शेवटी झोळ बघा. चाक हळूहळू फिरवत चेन कुठे सगळ्यात घट्ट आहे ते शोधा आणि तिथे मोजा. चेन ओढून घ्यायची असेल तर दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखेच फिरवायचे, दोन्हीकडच्या खुणा जुळल्या पाहिजेत. नाहीतर चाक तिरकं बसतं आणि दाते एकाच बाजूनं झिजतात. एक्सलचा नट नीट आवळायची खात्री नसेल तर एवढं काम गॅरेजमध्येच करून घ्या. आणि चेनला क्लिपवालं लॉक असेल तर क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेनं धावते त्या दिशेला आहे ना, हे बघून घ्या.

एक छोटी सूचना कव्हरबद्दल. पावसाळ्यात गाडीवर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. पण ओल्या गाडीवर कागद टाकला की ओल आतच कोंडते आणि मिठाला हवं ते मिळतं. आधी चेन पुसा, तेल द्या, मग झाका. आणि कागद जमिनीपर्यंत न आणता खालून वारा खेळू द्या.

होडीवाल्यांचं वेळापत्रक

आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, डागडुजी होते, रंग लागतो, इंजिनं उघडली जातात. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून दर्या शांत व्हावा म्हणून प्रार्थना होते, ती या सगळ्या तयारीनंतर. होडी बिघडल्यावर दुरुस्त करायची नसते, ती बिघडू नये म्हणून दुरुस्त करायची असते, कारण समुद्रात गॅरेज नसतं.

बाईकचं तेवढं मनावर घ्यायला काय हरकत आहे? तिच्या वाईट दिवसांचं वेळापत्रकही तेच आहे, जून ते सप्टेंबर. म्हणून मे महिन्याच्या शेवटी एकदा चेन नीट मोजून घ्या. २५९ च्या जवळ आली असेल तर पावसाआधीच सेट बदला, भर पावसात रस्त्यात अडकून मग बदलण्यापेक्षा ते स्वस्त पडेल. सप्टेंबरनंतर पुन्हा एकदा मोजा. मोबाइलमध्ये दोन रिमाइंडर आणि महिन्याकाठी एक छोटं काम, यापलीकडे यात काही नाही.

पट्टी शोधा. २० कड्या मोजा. आलेला आकडा आणि आजची तारीख गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटावर लिहून ठेवा. पुढच्या वेळी मोजाल तेव्हा चेन किती झिजली, हे गॅरेजवाल्या दादाच्या आधी तुम्हाला कळलेलं असेल.